उद्यापन नसलेलें व्रत



माझ्या लहानपणीं आमच्या शेजारच्या एक बाई सोळा सोमवारांचें व्रत करीत असत. सोळा सोमवार उपासाचे. सतराव्या सोमवारीं उद्यापन. त्या दिवशीं चुरम्याचा नैवेद्य होई, आम्हां पोरांना त्याचा वांटा मिळे, आणि बाई व्रतांतून मोकळ्या होत. त्या वयांत मला चुरम्यापलीकडचें कांहीं कळत नव्हतें. आज सत्तरी ओलांडल्यावर मात्र वाटतें कीं, ज्या कोणीं हीं व्रतें रचलीं त्यांना माणसाच्या मनाची चांगली पारख होती. त्यांनीं नेम धरावयास लावला, पण नेमाला शेवटही लावून दिला. गेल्या दोन वर्षांत माझ्या हातून एक असें व्रत घडलें कीं, ज्याला उद्यापनच नव्हतें. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे; कारण ती माझी एकट्याची नाहीं.

माझी मुलगी लग्नानंतर जर्मनींत स्थायिक झाली. नात तिकडेच जन्मली, तिकडच्याच शाळेंत जाते. तिचें मराठी आईशीं बोलण्यापुरतें. आजोबांनीं चार जर्मन वाक्यें शिकावीं, म्हणजे पोरीशीं बोलतां येईल, अशा साध्या हेतूनें मीं मोबाइलवर भाषा शिकविणारें एक अ‍ॅप घेतलें. त्याचें नांव सांगत नाहीं. नांवाशीं आपणांस कर्तव्य नाहीं. रोज पांच मिनिटें पुरेत, असें त्यांत आश्वासन होतें, आणि आरंभीं मला त्याचें मोठें कौतुक वाटलें. चित्रें सुंदर, उच्चार स्पष्ट, चूक झाली तर तत्क्षणीं कळे, उत्तर बरोबर आलें कीं घंटी वाजे. रोजचा धडा केला कीं दिवसांचा आंकडा एकानें वाढे. सात झाले, तीस झाले, शंभर झाले. शंभराव्या दिवशीं पडद्यावर चक्क दारूकाम उडालें! तीस वर्षें शाळेंत गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून मी निवृत्त झालों, तेव्हांही माझा एवढा गौरव झाला नव्हता.

दोनशें अकराव्या दिवशीं मी सांगलीस होतों. माझे वडील बंधु अण्णा रुग्णालयांत होते. रात्रीचे पावणेबारा झाले होते. खोलीबाहेरच्या बांकावर मी बसलों असतां खिशांतील मोबाइल थरथरला. 'तुमची दिवसांची माळ आज तुटणार! पंधरा मिनिटें उरलीं.' मीं मोबाइल उघडला. नवा धडा घेण्याइतकें मन ठिकाणावर नव्हतें, म्हणून पहिल्या आठवड्यांतला जुनाच धडा काढला. सफरचंद लाल आहे. मुलगा दूध पितो. तेवढ्यांत वहिनींनीं दारांतून हांक मारली. मीं बोट वर केलें. थांबा, दोन मिनिटें. त्यांनीं पुन्हां हांक मारली. अण्णांना कुशीवर वळवावयाचें होतें, आणि त्यांच्या एकटीच्यानें तें होत नव्हतें. मीं सफरचंद पुरें केलें, आंकडा दोनशें अकरावर गेलेला पाहिला, आणि मग उठलों. अण्णा पुढें बरे झाले, म्हणून आज हें बोलण्याची सोय आहे. वहिनी त्याबद्दल कधीं एक अक्षर बोलल्या नाहींत.

त्या रात्रीनंतर मी विचार करूं लागलों कीं, हा दुबळेपणा माझा, कीं त्या वस्तूची घडणच तशी? दोन्ही, असें आतां वाटतें. दुबळेपणा माझाच, पण तो कोठें असतो हें घडविणारास आधींपासून ठाऊक होतें.

१९७९ सालीं डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एक मुख्य गोष्ट आपल्या आज्यांनाही ठाऊक असावी: शंभर रुपये सांपडल्याच्या आनंदापेक्षां शंभर रुपये हरवल्याचें दुःख मोठें असतें. दिवसांची ती माळ ह्याच दुःखावर ओंवलेली आहे. पहिले कांहीं दिवस ती बक्षीस असते. पुढें तीच गहाण होते. शंभर दिवस जमले कीं एकशेंएकाव्या दिवशीं आपण शिकावयास बसत नाहीं, शंभर वांचवावयास बसतों. आणि गंमत अशी कीं, एखादा दिवस चुकला तरी माळ तुटूं नये म्हणून 'राखीव दिवस' तेथेंच मिळतात. कांहीं ठिकाणीं ते गुण साठवून घ्यावे लागतात, कांहीं ठिकाणीं पैसे मोजून. आधीं भय उत्पन्न करावयाचें आणि मग त्यावरचा उतारा विकावयाचा, हा धंदा गांवोगांव फिरणाऱ्या मांत्रिकांना जुना माहीत आहे.

ह्या यंत्रशिक्षणाचा इतिहास थोडा मागें जातो. नोव्हेंबर १९५३ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्राचे प्राध्यापक बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेंत गणिताचा तास पाहावयास गेले. मुलें उदाहरणें सोडवीत होतीं, पण उत्तर बरोबर कीं चूक हें त्यांना लगेच कळत नव्हतें. हुशार मुलगा आणि मंद मुलगा दोघांनाही एकाच चालीनें चालावें लागत होतें. हें पाहून त्यांनीं शिकविण्याचें एक यंत्र तयार केलें आणि १९५४ सालीं त्यामागील विचार प्रसिद्ध केला. त्यांत वाईट असें कांहींच नव्हतें. चाळीस-पन्नास वह्या तपासतां तपासतां ज्याचे डोळे दुखले आहेत असा कोणताही शिक्षक त्या यंत्रास नमस्कारच करील. परंतु ह्याच स्किनरनीं चार्ल्स फर्स्टर ह्यांच्यासह कबुतरांवर दीर्घकाळ प्रयोग केले होते, आणि ते १९५७ सालीं ग्रंथरूपानें बाहेर आले. चोंच मारल्यावर दाणा ठरलेल्या हिशेबानें मिळाला, तर दाणा मिळाल्यावर कबुतर अंमळ विसांवा घेतें. पण दाणा केव्हां मिळेल ह्याचा नेम नसला, तर तें न थांबतां चोंच मारीतच राहतें. जुगाराच्या यंत्राची खुबी तीच. आजच्या अ‍ॅपांनीं स्किनरच्या शाळेंतील यंत्राची घंटी घेतली, आणि कबुतराच्या पिंजऱ्यांतला बेभरंवशाचा दाणाही घेतला. धड्याच्या शेवटीं एक पेटी उघडते; कधीं तिच्यांत पुष्कळ निघतें, कधीं थोडें. मी सत्तर वर्षांचा मनुष्य ती पेटी उघडण्याची वाट पाहत असें, हें कबूल करावयास लाज वाटते.

पण मला सर्वांत अधिक बोंचली ती निराळीच गोष्ट. त्या अ‍ॅपांत आपणांस रोज पांच लाल हृदयें दिलेलीं असतात. एक चूक झाली कीं एक हृदय जातें. पांचही गेलीं कीं शिकणें बंद. मग कांहीं तास थांबा, नाहींतर जाहिरात पाहा, नाहींतर पैसे भरून वर्गणीदार व्हा. ज्यानें आयुष्यभर गणित शिकविलें त्यानें हें पाहून हंसावें कीं रडावें? चूक हें विद्यार्थ्याचें भांडवल असतें. माझ्या वर्गांत कांहीं मुलांच्या वह्या आरशासारख्या स्वच्छ असत. त्यांच्यापैकीं निम्म्यांनीं शेजाऱ्याचें पाहून लिहिलेलें असे. एका मुलाची वही मात्र खाडाखोडीनें इतकी भरलेली असे कीं कागद फाटावयाचा. त्याला त्रैराशिक एकदां कळलें तें कायमचें कळलें. अशा मुलास मीं प्रत्येक चुकीबद्दल दंड केला असता, तर त्यानें काय केलें असतें? येत असलेलींच उदाहरणें पुन्हां पुन्हां सोडविलीं असतीं. मीं तेंच केलें. हृदय जाऊं नये म्हणून कठीण धडा टाळला आणि सफरचंद धरून बसलों. त्यांतच दर आठवड्यास तीसएक अनोळखी लोकांशीं गुणांची स्पर्धा लावून दिलेली. रविवारच्या रात्रीं तिचा निकाल. गुण मिळविण्याचा सोपा मार्ग कोणता? सोपा धडा दहा वेळां करणें. शेवटीं हृदयांच्या ह्या कटकटीस कंटाळून मीं वर्षाची वर्गणी भरली, म्हणजे चुका करण्याचा हक्क विकत घेतला.

कोणी म्हणतील, निवृत्त माणसाचे हे रिकामे उद्योग आहेत; पांच मिनिटें गेलीं तर काय बिघडलें? खरें आहे. पण हेच डाव आईबापांच्या काळजीवर टाकले जातात, तेव्हां हिशेब मिनिटांचा राहत नाहीं. आमच्या इमारतींत एस. टी. मधील एक वाहक राहतात. २०२१ च्या पावसाळ्यांत शाळा बंद होत्या आणि त्यांचा मुलगा सातवींत होता. त्याच्यासाठीं त्यांनीं एका कंपनीचे धडे पंधरा दिवस फुकट म्हणून घेतले. आवळा देऊन कोहळा काढणें म्हणतात तें असें. सोळाव्या दिवशीं कंपनीचा एक नीटनेटका तरुण घरीं आला. त्यानें आईबापांसमोर मुलास पांच प्रश्न विचारले. मुलाला दोनच आले. 'पाया कच्चा आहे,' तो म्हणाला, 'आतां लक्ष दिलें नाहीं तर दहावीला फार उशीर झालेला असेल.' मग त्यानें हातांतला पडदा पुढें केला. त्यावर एक घड्याळ उलटें चालत होतें: सवलत आज रात्रीं बारापर्यंतच. मुलगा समोर उभा. अशा वेळीं कोणता बाप 'मला परवडत नाहीं' असें म्हणेल? मोबाइलवर सहा आंकडे आले, ते त्यांनीं त्या तरुणास वाचून दाखविले. आपण फी नव्हे, एका तिसऱ्याच वित्तसंस्थेचें कर्ज मान्य केलें, हें त्यांना पुढच्या महिन्यांत बँकेच्या पुस्तकावरून कळलें. मुलानें तीन महिन्यांत तें शिकणें सोडलें. हप्ते दोन वर्षें चालले. दिवाळींत ते मेहुण्याकडे गेले तर तेथेंही तेंच घड्याळ, तीच 'आज रात्रीं बारा'ची मुदत. त्या घड्याळांत बारा कधीं वाजतच नव्हते. वाजले ते ह्यांच्या पगाराचे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत केंद्रीय शिक्षण मंत्रालयानें अशा कंपन्यांविषयीं पालकांस सावध करणारी एक सूचना काढली. खात्यांतून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी देणें टाळा, असें तींत स्पष्ट सांगितलें होतें. आमच्या शेजाऱ्यांपर्यंत ती पोंचण्यास अर्थात् उशीर झाला.

ह्या युक्त्यांना २०१० सालीं हॅरी ब्रिग्नल ह्या इंग्रज रचनाकारानें 'डार्क पॅटर्न्स' असें नांव दिलें. आपण त्यांस छुपे डाव म्हणूं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक नियम जाहीर केले. त्यांत १३ डाव नांवानिशीं दिले आहेत. 'आज रात्रीं बारा'सारखी खोटी घाई त्यांत आहे. नकार देणारास ओशाळें करणें त्यांत आहे. म्हणजे नकाराच्या बटणावर 'नको, मला मुलाच्या भवितव्याची पर्वा नाहीं' अशा धर्तीचें कांहीं लिहून ठेवणें. आंत शिरणें सोपें आणि बाहेर पडणें दुर्घट, असा वर्गणीचा सांपळा आहे. पुन्हां पुन्हां तेंच विचारून पिच्छा पुरविणें, तेंही आहे. ही यादी मीं वाचली तेव्हां जुन्या बाजारांतील भामट्यांची जणूं शिरगणतीच कोणीं केली आहे असें वाटलें. परदेशांतही हा प्रकार नवा नाहीं. दोन ते आठ वर्षांच्या मुलांना शिकविणाऱ्या 'एबीसीमाउस' ह्या अमेरिकन सेवेच्या चालकांनीं सप्टेंबर २०२० मध्यें तेथील फेडरल ट्रेड कमिशनशीं एक कोटि डॉलर देऊन तडजोड केली. वर्गणी आपोआप नवी होते हें पालकांस नीट सांगितलें नाहीं, आणि सहज रद्द करतां येईल असें म्हणून रद्द करण्याची वाट मात्र बिकट ठेवली, असा त्यांच्यावर आरोप होता. पांच वर्षांनीं, सप्टेंबर २०२५ मध्यें, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अभ्यासांत साह्य करणाऱ्या 'चेग' ह्या कंपनीनेंही वर्गणी रद्द करण्याच्या अडचणींवरूनच ७५ लाख डॉलर भरण्याचें मान्य केलें.

आतां माझी तक्रार अशी आहे. त्या तेराही डावांच्या यादींतून मीं माझी माळ शोधली. ती सांपडली नाहीं. हृदयें सांपडलीं नाहींत, बेभरंवशाची पेटी सांपडली नाहीं. ग्राहकाचा कायदा पाहतो तो मुख्यतः ग्राहकाचा कसा. खिशांत हात घातला कीं तो हात धरतो. पण शिकणाराजवळ पैशाहून मौल्यवान अशी दुसरी एक वस्तु असते, ती त्याची चिकाटी. नेम पाळणारा, दिलेला अभ्यास पुरा केल्यावांचून न झोंपणारा, असाच मनुष्य ह्या माळेंत अधिक घट्ट अडकतो. आळशी माणूस दुसऱ्याच दिवशीं सुटतो. जो गुण घडविण्यासाठीं शाळा असते, त्याच गुणाला गळ लावावयाचा, हें मला फसव्या हिशेबापेक्षांही वाईट वाटतें. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमांत मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांच्यावर रोखून जाहिराती करण्यास मनाई लिहिली आहे, आणि मुलांच्या हितास बाध येईल अशा रीतीनें त्यांची माहिती वापरूं नये असेंही म्हटलें आहे. त्या शब्दांत ह्या माळेस कोठें जागा होईल काय, हें कायदेपंडितांनीं पाहावें.

दुसरी बाजू मांडणारे म्हणतात कीं, आठवण करून दिली नाहीं तर लोक शिकणें सोडून देतात. हें मला मान्य आहे. मीही शाळेची घंटा वाजविली आहे. मात्र आमच्या शाळेंत घंटा दोन वेळां होई, एकदां शाळा भरतांना आणि एकदां सुटतांना. आणि दुसऱ्या घंटेला मुलें जो गलका करीत तो ऐकून शिक्षकही मनांतून सुखावत. ह्यांच्याकडे सुटण्याची घंटाच नाहीं. पडद्यावर शिकविणाऱ्या सगळ्यांचें तसें आहे असें नव्हे. आपल्या आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनीं मिळून २००३ सालीं सुरूं केलेला एन. पी. टी. ई. एल. हा उपक्रम पाहा. तेथील अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. शिकणें फुकट, परीक्षा द्यावयाची असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन द्यावी. तेथेंही मध्येंच सोडून जाणारे पुष्कळ आहेत. पण त्यांच्यामागें मध्यरात्रीं कोणी लागत नाहीं, आणि जो शेवटपर्यंत जातो त्याला शेवट लागतो.

माझें पुढें काय झालें तें सांगून आटोपतों. सुमारें साडेतीनशें दिवस झाले असतील. एका रविवारीं नात व्हिडिओवर आली आणि तिनें जर्मनींत विचारलें, 'आजोबा, आज तुम्हीं काय केलंत?' प्रश्न मला समजला. उत्तर मनांत जुळवूं लागलों, पण एकही क्रियापद वेळेवर हाताशीं येईना. शेवटीं जें तोंडांत बसलें होतें तेंच बाहेर पडलें: सफरचंद लाल आहे. ती खदखदां हंसली आणि मराठींत म्हणाली, 'कुठें आहे?' तेव्हांपासून दर रविवारीं तीच मला शिकविते. चुकलों कीं हंसते, आणि तेंच वाक्य पुन्हां म्हणावयास लावते.

त्याच रात्रीं मीं वर्गणी बंद करावयास घेतली. बटण सांपडण्यास बराच वेळ लागला. सांपडल्यावर एक चित्र रडूं लागलें. मग निम्म्या दरांत वर्षभर राहा असा आग्रह झाला. मग माझी माळ मला पुन्हां एकदां दाखविण्यांत आली. सर्वांस नकार दिल्यावर सोडण्याचें कारण विचारलें. मुख्याध्यापक असतांना शाळा सोडल्याच्या किती दाखल्यांवर मीं सह्या केल्या असतील ह्याची गणती नाहीं. त्यांतही शाळा सोडण्याचें कारण लिहिण्याचा एक रकाना असतो, आणि बहुतेक वेळां मी तेथें 'दहावी उत्तीर्ण' असें आनंदानें लिहीत असें. येथें निवडीसाठीं पांच कारणें छापलेलीं होतीं: फार महाग आहे, वेळ मिळत नाहीं, दुसरें साधन सांपडलें, तांत्रिक अडचण, इतर. 'शिकून झालें' असें त्यांत कोठेंच नव्हतें. तसें माझें शिकून झालेंही नव्हतें म्हणा. मीं 'इतर'वर बोट ठेवलें.